सात नंबरच्या मशीनवरचं नाव

चष्मेवाली : ...आणि हे काय गं? "छत्री दोनदा सापडत होती, आता एकदाच सापडते." हे मी लिहिलंय?

बाई : तूच. शेजारी नाव आहे तुझं. तारीख आहे, वेळही आहे. सोळा वर्षांपूर्वीचा मंगळवार, दुपारी सव्वाबारा.

चष्मेवाली : अगं, म्हणजे आपला ‘हरवलं-सापडलं’ अजून जिवंत आहे? मला वाटलं, कधीच भंगारात गेला असेल. कॉलेजभरच्या हरवलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे मोजे!

बाई : प्रोग्रॅम आहे आणि त्यात आपण केलेला प्रत्येक बदलही आहे. दोनशे अकरा नोंदी. काय बदललं, कधी, कोणी आणि का. त्यातलं ‘का’ तेवढं आपण स्वतः लिहायचो.

चष्मेवाली : ‘का’ म्हणून काय लिहायचो ते दिसतंय. ही बघ. "भूक लागली, उरलेलं उद्या." ही तुझी.

बाई : छे! मी असलं काही लिहायची नाही.

चष्मेवाली : नाव बघ की शेजारी. वहीच्या समासालासुद्धा पट्टी लावणारी आमची पट्टी, भूक लागली म्हणून लिहून ठेवून पळाली. दाखव, दाखव हे तुझ्या मुलांना. म्हणावं, तुमच्या बाई अशा होत्या.

बाई : टिकटिक, हळू बोल. शेजारी वर्ग चालू आहे.

चष्मेवाली : टिकटिक! किती वर्षांनी कोणी म्हटलं मला. दुकानात मी ‘मॅडम’ असते, माहितेय? ‘मॅडम, चष्मा नाकावर रुततोय.’ ‘मॅडम, एक काडी ढिली झालीय.’

काका : आत चपला कोणाच्या?

चष्मेवाली : बघ, आलेच.

काका : दारावर एवढी मोठी पाटी लावलीय. धूळ येते, मशीनं बिघडतात, मग काकांना हाक मारता. कोण आहात आपण? पालक का?

बाई : काका, नीट बघा तरी.

काका : थांबा थांबा. हसू नका... हसलात ना, आता कळलं. सात नंबर! अगं, सात नंबर ना तू?

चष्मेवाली : हो काका, सात नंबर. काढते चपला.

बाई : काकांना नावं नाही राहत लक्षात, मशीनचे नंबर राहतात. मी सहा वर्षं इथे शिकवतेय, तरी यांच्यासाठी अजून चार नंबरच.

काका : मग? चार नंबर शांत, सात नंबर म्हणजे नुसता आवाज. कीबोर्ड बडवायची ही, बडवायची! तीन बदलले मी हिच्यापायी. मुली, आलीस ते बरं केलंस. उद्या ही लॅब रिकामी करायचीय. नव्या इमारतीत जायचं. तिथे म्हणे चपला घालूनच बसतात. बसा बापडे. मी काही तिथे जात नाही, माझं महिनाअखेर संपतंय.

चष्मेवाली : तुम्ही निवृत्त? मग मुलांना ओरडणार कोण?

काका : कोणी नाही. तेच तर. आणि बाई, ते माझं रजिस्टर? आठवडा झाला तुम्ही घरी नेऊन. सव्वीस रजिस्टरं ऑफिसात जमा करायचीत, पंचवीसच भरतायत.

बाई : देते काका. पिशवीत आहे. जरा... अर्ध्या तासाने देते.

काका : अर्ध्या तासाने नक्की. मी आत केबल गुंडाळतोय.

चष्मेवाली : कसलं रजिस्टर गं?

बाई : लॅबचं. कोण कधी आलं, कोणत्या मशीनवर बसलं. आपणच सह्या करायचो की. सांगते नंतर. आधी हे बघ. दोन वाजता पहिल्या वर्षाची मुलं येतील, त्यांना आज व्हर्जन कंट्रोल सुरू करायचंय. चारचौघांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा आणि तरी एकमेकांच्या पायात पाय अडकू द्यायचे नाहीत, त्याची पद्धत. म्हटलं, पुस्तकातला नमुना कशाला, आपलाच दाखवू.

चष्मेवाली : त्यांना डस्टरचं सांगणार ना?

बाई : डस्टर! विसरलेच होते मी.

चष्मेवाली : विसरलीस? अगं, सगळी मिळून एकच फाइल. ज्याच्या हातात फळ्याचं डस्टर, त्यानेच लिहायचं. बाकीच्यांनी हाताची घडी. तू तर डस्टर पिशवीत घालून जेवायला गेली होतीस एकदा, आम्ही सगळे तासभर ठणाणा करत बसलो होतो.

बाई : आणि पेनड्राइव्हवरच्या त्या फायली. ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘फायनल खरं शेवटचं’.

चष्मेवाली : ‘फायनल खरं शेवटचं आईशप्पथ’. ती माझी होती.

बाई : मग सर आले आणि अर्ध्या तासात फळ्यावर तीन आज्ञा लिहून गेले. जोडा, नोंदवा, चढवा. डस्टर गेलं. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर लिहायचं, नोंद करायची, सगळ्यांच्या साठ्यात चढवायची. काय मजा वाटली होती! आपण तीन ओळी लिहिल्या तरी नोंद करायचो.

चष्मेवाली : मी स्वल्पविराम घातला तरी करायची. आणि पडद्यावर नाव आलं की कॉलर ताठ. सात नंबरवर पहिल्यांदा नाव मीच भरलं होतं, आठवतंय? ‘आपण कोण?’ असं विचारलं यंत्राने, आणि मी उभी राहून टाइप केलं. उभी राहून! जणू बक्षीसच घेतेय.

बाई : आठवतंय. चांगलंच आठवतंय.

चष्मेवाली : खाली सरकव ना. पुढचं बघू. ही मार्चची... ही पण माझी... थांब. पट्टी, थांब. पुढे नको सरकवू.

बाई : का?

चष्मेवाली : का काय? तुला माहीत नाही? ती नोंद येईल आता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची. नाही बघायची मला.

बाई : त्यासाठीच बोलावलंय मी तुला.

चष्मेवाली : त्यासाठी? म्हणजे ‘ये गं, चहा पिऊ, लॅब बंद होतेय, शेवटचं बघून घे’ हे सगळं त्यासाठी? मुलांना दाखवायचंय का? ‘बघा मुलांनो, असं करायचं नसतं, ही एक मुलगी होती, तिने सगळ्यांची मेहनत पुसली’?

बाई : नाही गं. तसं काही नाही. एक गोष्ट सांगायचीय आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती. पण आधी तू सांग. त्या दिवसाचं तुला काय आठवतं?

चष्मेवाली : तू परीक्षा घेतेस का माझी?

बाई : सांग ना. माझ्यासाठी.

चष्मेवाली : सगळं आठवतं. प्रदर्शनाचा हॉल भरलेला. परीक्षक पुढ्यात बसलेले. एका बाजूला हरवलेल्या वस्तू, एका बाजूला सापडलेल्या, आणि मधे ‘जुळणी’चं बटण. ते दाबलं की कोणाची छत्री कुठे सापडली ते येणार. ती जुळणी मी लिहिली होती. दोन महिने. झोपेत पण छत्र्या दिसायच्या मला. आणि बटण दाबलं तर पांढरा पडदा. काही नाही.

बाई : मग?

चष्मेवाली : मग सरांनी विचारलं, कोणी हात लावला होता? तू यादी उघडलीस आणि मोठ्याने वाचलंस. गुरुवार, तीन चाळीस, ‘जुना कचरा काढला’, आणि पुढे माझं नाव. जुळणीचा अख्खा फोल्डरच मी काढून टाकला होता. सरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. नंतर तीन महिने मला काय म्हणत होते माहितेय ना?

बाई : खोडरबर.

चष्मेवाली : म्हणायची लाज तरी वाटू दे जरा.

बाई : वाटतेय. पण तू एकदाही नाकारलं नाहीस. ‘मी नाही केलं’ असं एकदा तरी म्हणायचंस.

चष्मेवाली : कशी म्हणणार? पडद्यावर लिहिलेलं होतं! मला आठवत नव्हतं, ते खरं. पण मी म्हटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल? गुरुवारी मी इथेच होते, सातवरच होते. केलं असेल घाईघाईत. घाई तर माझ्या अंगातच आहे, सगळेच म्हणायचे. पण पट्टी, खरी भीती त्याची नाही वाटली. आपण एवढं मोठं काही करतो आणि ते आपल्याला आठवतच नाही, याची वाटली. कळतंय का तुला? माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. वर्ष संपलं आणि मी हे सगळं सोडलं. चष्म्याचा कोर्स धरला. म्हटलं, इथे बरं. समोर माणूस बसलेला असतो, त्याला विचारता येतं, दिसतंय का नीट?

बाई : आणि मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून गेलीस.

चष्मेवाली : तुझ्यावर? तू तर फक्त वाचून दाखवलंस. अजून मी चष्म्याचा प्रत्येक नंबर दोनदा तपासते. मग मदतनीस मुलीला म्हणते, आता तू बघ. तिसऱ्यांदा. गिऱ्हाइकं म्हणतात, मॅडम फार काटेकोर. दुकान त्यावरच चाललंय. त्यांना काय माहीत, मॅडम घाबरट आहेत ते. काय झालं? रडतेस काय तू?

बाई : रडत नाही. ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याने सांगवणार नाही. गेल्या मंगळवारी मी हा फोल्डर सात नंबरवरून काढला. मुलांना दाखवायचा म्हणून बघत होते. सहज एक ओळ लिहिली, नोंद केली आणि यादी उघडली. सगळ्यात वर, गेल्या मंगळवारची तारीख, माझी ओळ, आणि नाव तुझं.

चष्मेवाली : माझं? मी सोळा वर्षांत इथे पाऊल ठेवलेलं नाही.

बाई : तेच. तू त्या दिवशी उभी राहून नाव भरलंस ना, ते त्या फोल्डरमध्येच राहिलं. यंत्र दर वेळी विचारत नाही, आपण कोण म्हणून. एकदा सांगितलं की तेच धरून चालतं. सातवर बसून कोणीही काहीही केलं तरी ते तुझ्याच नावावर पडणार. मी केलं तरी, काकांनी केलं तरी.

चष्मेवाली : म्हणजे गुरुवारी...

बाई : म्हणजे गुरुवारी तिथे कोण बसलं होतं, ते यादी सांगूच शकत नाही. ते रजिस्टर सांगतं. म्हणून नेलं घरी. आठवडाभर उशाशी घेऊन झोपतेय. हे बघ. तूच वाच.

चष्मेवाली : माझा वाचायचा चष्मा... हं. गुरुवार. सात नंबर. ही माझी सही. आले सव्वाएक, गेले तीन वीस. तीन वीस?

बाई : खालची ओळ.

चष्मेवाली : सात नंबर. आले तीन पंचवीस, गेले चार दहा. ही सही... ही तर तुझी सही आहे.

बाई : हो.

चष्मेवाली : आणि शेवटच्या रकान्यात काकांचं अक्षर. "चारचा कीबोर्ड बंद. चार नंबर सातवर बसली."

बाई : दोन फोल्डर होते. ‘जुळणी’ आणि ‘जुळणी नवी’. मला वाटलं, नवी आहे म्हणजे जुनी लागत नाही. प्रदर्शनाआधी सगळं कसं चकचकीत दिसायला हवं होतं मला. ‘नवी’ तू नुसती करून बघायला उघडली होतीस, रिकामीच होती. मी उघडूनसुद्धा बघितली नाही. त्या आठवड्यात रोज काही ना काही आवरत होते गं, त्यातलं हे एक. आवरलेलं कोणाला आठवतं? आणि दुसऱ्या दिवशी यादीत तुझं नाव दिसलं, तेव्हा मला संशयसुद्धा आला नाही. उलट मनात म्हटलं, टिकटिकच ती, करणारच असं काहीतरी. मी पुसलं आणि मीच तुझं नाव भर हॉलमध्ये वाचून दाखवलं. शिव्या दे मला.

चष्मेवाली : तीन वीसला मी गेले होते. मी नव्हतेच इथे. म्हणजे मला आठवत नव्हतं ते बरोबर होतं. आठवायला काही नव्हतंच.

बाई : हो. तू बरोबर होतीस.

चष्मेवाली : आणि हे रजिस्टर सोळा वर्षं पलीकडच्या कपाटात होतं? दहा पावलांवर? कोणीतरी एकदा उघडायला काय झालं होतं?

बाई : काहीच झालं नव्हतं. मी उघडायला हवं होतं.

चष्मेवाली : मला जरा बाहेर जाऊ दे. नको, हात नको लावूस. चहा तू पी.

(ती दाराशी जाऊन चपला घालते. काका केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन बाहेर येतात.)

काका : निघालीस, सात नंबर? एवढ्यात?

चष्मेवाली : काका, तुम्हाला त्या दिवसाचं आठवतं? चारचा कीबोर्ड बंद होता, ते तुम्हीच लिहिलंय.

काका : कीबोर्ड काय, वर्षाला दहा बंद पडायचे. लिहून ठेवायची सवय माझी. मला कधी कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. काय झालं? काही चुकलं का माझं?

चष्मेवाली : तुमचं काही नाही चुकलं. तुमचंच तेवढं बरोबर होतं.

बाई : टिकटिक, जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण एकच गोष्ट बघून जा. तुझी जुळणी गेलेली नाही.

चष्मेवाली : म्हणजे?

बाई : आहे. सगळी आहे, तू लिहिलीस तशी. इथे पुसलं म्हणजे आजच्या पानावरून पुसलं, मागची पानं तशीच राहतात. त्या गुरुवारच्या नोंदीच्या आधीच्या नोंदीवर जायचं आणि म्हणायचं, हा फोल्डर मला परत दे. दोन मिनिटांचं काम. तेव्हासुद्धा दोनच मिनिटांचं होतं.

चष्मेवाली : मग तेव्हा का नाही केलं?

बाई : येतंच नव्हतं. सर तीन आज्ञा लिहून गेले होते. जोडा, नोंदवा, चढवा. परत कसं आणायचं, ती चौथी कोणी सांगितली नव्हती. म्हणून मी मुलांना ती सगळ्यात आधी शिकवणार आहे. आधी आपलं नाव बघून घ्या, मग परत आणायला शिका. बाकीचं सावकाश.

चष्मेवाली : सरक. कुठे बसू?

काका : चपला!

चष्मेवाली : काका, आज राहू दे हो!

काका : ...बरं. आज राहू दे.

बाई : ही आधीची नोंद. बुधवार, तुझीच, खरोखरची तुझी. आता ही आज्ञा मी सांगते, तू टाइप कर. हं. आता एंटर दाब. हळू, काकांकडे आता जादा कीबोर्ड नाही.

चष्मेवाली : आलं. अगं, आलं सगळं! ही माझी दोन महिने खपून लिहिलेली... हे नाव मीच दिलं होतं, ‘हरवलेल्याला शोध’. चालवून बघू? बटण दाबू?

बाई : दाब की. तुझंच आहे.

चष्मेवाली : चौदा जुळण्या. पट्टी, चौदा! "काळी छत्री, वाकडी दांडी. सापडली, लॅबमध्ये." चालत होतं गं. माझं चालत होतं.

काका : वाकडी दांडी? ती छत्री अजून माझ्या कपाटात आहे. न्यायला कोणी आलंच नाही. येणार कसं, सांगितलंच नाही ना कोणी.

चष्मेवाली : आता ती गुरुवारची नोंद खोडून टाक. माझं नाव काढ तिथून.

बाई : खोडता येते. पण मी नाही खोडणार. सगळ्यांचा मिळून इतिहास असतो, तो मागे जाऊन कोणी गुपचूप बदलायचा नाही. चुकलं तर पुढे नवी नोंद करायची, चुकणाऱ्याने, आपल्या नावाने. आधी हे तुझं नाव इथून काढते. ‘आपण कोण?’ हे घे, माझं भरलं. आता नोंद. वाच मोठ्याने. त्या दिवशी मी वाचलं होतं, आज तू वाच.

चष्मेवाली : "जुळणी परत आणली. ती त्या गुरुवारी सात नंबरवर बसून मी पुसली होती. वर जिचं नाव आहे, तिने नाही. तिने ती लिहिली होती." ...हे तुझी मुलं वाचणार?

बाई : दोन वाजता. मोठ्या पडद्यावर.

चष्मेवाली : तुला बाई म्हणतात ती सगळी. काय राहील तुझं?

बाई : राहील तेवढं राहील. इतकी वर्षं तुझ्या नावावर निभावलं.

चष्मेवाली : हे बघ, मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला राग आलाय. घरी गेले की अजून येईल. सोळा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

बाई : येऊ दे. फोन करून ओरड. मी उचलेन.

चष्मेवाली : उचलशीलच. आणि दुकानात ये एकदा. तुझा चष्मा नाकावर वाकडा बसलाय, मघापासून बघतेय.

बाई : येईन. मग चढवू हे? हवं तर आणखी एकदा वाचून बघ. दोनदा, तीनदा, तुझ्या पद्धतीने. मुलं यायला अजून वेळ आहे.

चष्मेवाली : नको. एकदा वाचलंय मी. चढव.